सुनेच्या भरवशावरचं म्हातारपण

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही माणसं कमी झाली. दुष्काळ पडला नव्हता, साथ आली नव्हती. तरुण माणसं मुंबई-पुण्याकडे निघून गेली होती, एवढंच. गणपतीत आणि शिमग्याला उघडणारी, एरवी कुलूपबंद असलेली घरं पाहुण्याच्याही नजरेत भरतात. ज्या घरांना कुलूप नाही त्यांतल्या कितीतरी घरांत एक किंवा दोनच माणसं राहतात आणि ती सत्तरीच्या पुढची असतात, हे मात्र आत डोकावल्याशिवाय कळत नाही.

कोकणातला माणूस मुंबईला जातो, यात नवं काही नाही. पण पूर्वी जायचा तो एकटा पुरुष. गिरणीत लागायचा, गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि महिन्याला मनिऑर्डर करायचा. गावात म्हातारे आई-वडील, पोरं आणि बायको. सासूला पेज करून देणं, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं हगणं-मुतणं काढणं, वैद्याकडून औषध आणणं, हे सगळं त्या बायकोनं करायचं. सरकारचा या व्यवस्थेशी संबंध पोस्टमनपुरता. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या अनेकांना गिरणीत परत जाताच आलं नाही. त्यांच्या मुलांना काम मिळालं ते कुरिअर कंपनीत, सिक्युरिटीत, दुकानांत. त्या पगारात दोन बिऱ्हाडं चालत नाहीत. मुलांच्या शाळाही शहरातच हव्या होत्या. म्हणून बायको-मुलं विरार, नालासोपारा, दिव्याच्या एका खोलीत आली आणि घर चालावं म्हणून बायकोही कामाला लागली.

यात कुणी कुणाला टाकून दिलं नाही. मुलगा फोन करतो, जमेल तसे पैसे पाठवतो, मे महिन्यात येतो. घरातून गेली ती सून, आणि म्हातारपणाची सगळी व्यवस्था तिच्यावर उभी होती. आपल्या सामाजिक धोरणात तिचं नाव कुठं नव्हतं. पण ती घरात आहे असं धरूनच ते धोरण आखलेलं होतं. ही गोष्ट एकट्या कोकणाची नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ९.९ टक्के माणसं साठीच्या पुढची होती. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातला प्रजनन दर एका बाईमागे १.७ मुलांवर आला होता. म्हणजे यापुढं म्हाताऱ्या आई-वडिलांच्या वाट्याला दोन मुलंसुद्धा येणार नाहीत, आणि जी येतील ती गावातच राहतील याची खात्री नाही.

सरकारनं या काळात काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात म्हातारपणी सरकारी साहाय्याचा उल्लेख आहे. मात्र तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. १९८०मध्ये बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानं संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५पासून केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन आली, महिन्याला ७५ रुपये. आज केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसासाठी २०० रुपये आणि ऐंशीच्या पुढं ५०० रुपये आहे. राज्यानं २०२३मध्ये संजय गांधी आणि श्रावणबाळ या योजनांची रक्कम १,५०० रुपयांवर नेली. गावात या पैशांना सरसकट ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. ते सुरू झाले की म्हातारीचा घरातला शब्द थोडा वजनदार होतो. औषधाच्या गोळ्या तिला कुणाकडे न मागता आणता येतात. हा फरक छोटा नाही.

पण हे पैसे मिळवण्याची वाट पाहा. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत लागतं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. २०२५-२६साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातल्या एकानं सत्तर दिवस खड्डे खणले की ते कुटुंब या मर्यादेच्या बाहेर जातं. मग अर्जदाराला आणि दाखला देणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असलेला खोटा आकडा कागदावर येतो. शासनाच्याच अटीमुळं पंचाहत्तर वर्षांच्या बाईला शासनाशी पहिला व्यवहार खोटं बोलून करावा लागतो, याचा मला मनापासून राग येतो. त्यानंतर दरवर्षी हयातीचा दाखला. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात मशीनवर अंगठा ठेवायचा. आयुष्यभर भात लावून, भांडी घासून, शेण सारवून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात. अंगठा ‘उठत नाही’. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. केंद्रवाला मुलगा चांगला असेल तर दुसरं बोट लावून बघतो, नाहीतर ‘उद्या या, आजी’ म्हणतो. उद्या यायचं म्हणजे पुन्हा रिक्षाचं भाडं. पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी २०२२पासून मोफत आहे, पण ती मिळायला थांब्यापर्यंत चालत यावं लागतं.

पैसे देणाऱ्या सरकारला पुढं न्यायाधीशही व्हावं लागलं. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात आणि १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आई-वडिलांच्या निर्वाहाची तरतूद होतीच. १९८७मध्ये कल्याणमधल्या एका डॉक्टर महिलेच्या वडिलांनी केलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. ‘लेक परक्याची’ मानणाऱ्या समाजात हा मोठा बदल होता, आणि मुली शिकून कमावत्या झाल्या म्हणूनच तो शक्य झाला. २००७मध्ये तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी स्वतंत्र कायदाच झाला. कोर्टाऐवजी न्यायाधिकरण, त्याचे प्रमुख उपविभागीय अधिकारी म्हणजे आपले प्रांत. वकिलांना मज्जाव, नव्वद दिवसांत निकाल, महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये खावटी. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलेलं घर, सांभाळ न झाल्यास परत मिळण्याची सोयही त्यात आहे. शहरांत घरावरून ज्यांना छळलं जातं, त्या म्हाताऱ्यांना या एका कलमानं खरा आधार दिला.

प्रांत कार्यालयातली अशी सुनावणी डोळ्यांपुढं आणा. बाहेर बिनशेतीची, भूसंपादनाची, जातीच्या दाखल्यांची माणसं ताटकळलेली. आत आई आणि मुलगा समोरासमोर. मुलाचा पगार अठरा हजार, खोलीचं भाडं सहा. अधिकारी दोन हजारांवर तडजोड करायला सुचवतो. आई मान खाली घालून ‘त्याला पण लेकरं आहेत’ म्हणते. आदेश निघाला तरी महिन्याला दोन हजार येतील. पण न्हाणीघरात पाय घसरून पडल्यावर तिला उचलायला कोण येईल, हे त्या आदेशात लिहिता येत नाही.

या कायद्यात मुलगा, मुलगी, नातू, नात जबाबदार आहेत. सून नाही, जावई नाही. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात त्यांना आणायचा आणि दहा हजारांची मर्यादा काढायचा प्रस्ताव होता. तो पुढं गेला नाही. दरम्यान वेगळाच पेच उभा राहिला. काही घरांत नवऱ्याशी बिनसलेल्या सुनेला बाहेर काढायला सासू-सासऱ्यांच्या नावानं हाच कायदा वापरला जाऊ लागला. बेंगळुरूचं असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२०मध्ये न्यायालयानं निकाल दिला की, ज्येष्ठ नागरिकांचा कायदा पुढं करून २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं सुनेला दिलेला राहत्या घराचा हक्क परस्पर डावलता येणार नाही. बाईला घरात स्वतंत्र हक्क हवा, हा एका सामाजिक बदलानं आणलेला कायदा. म्हाताऱ्यांना मुलांपासून संरक्षण हवं, हा दुसऱ्यानं आणलेला. दोन्ही न्याय्य, आणि दोन्ही एकाच दोन खोल्यांच्या घरात येऊन भिडले. घराच्या उंबऱ्यावर सरकारनं थांबावं, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा. उंबऱ्याच्या आत आता दोन नागरिक आहेत आणि दोघंही सरकारकडेच दाद मागत आहेत.

मग राहिलं काय? सेवा. पैसा आणि निवाडा दिल्यानंतरही जे उरतं ते हाताचं काम. शहरातल्या सुस्थितीतल्या घरांनी त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. ब्यूरोला फोन केला की बारा तासांची किंवा चोवीस तासांची ‘मावशी’ येते. या मावश्या बऱ्याचदा मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून आलेल्या. ज्या हातांनी त्या इथल्या आजोबांना कूस बदलून देतात, ते हात त्यांच्या स्वतःच्या आईच्या वाट्याला येत नाहीत. परवडणाऱ्याचं भागतं आणि न परवडणाऱ्याच्या घरातलं आणखी एक माणूस कमी होतं.

हे काम सरकारचं नाहीच, असं कुणी म्हणेल. तान्ह्या मुलांबद्दलही हेच म्हणता आलं असतं. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा मेळघाटातल्या धारणीत आली. तीन वर्षांच्या पोराला खाऊ घालणं, त्याचं वजन करणं हे सरकारचं काम आहे, हे आज कुणाला पटवावं लागत नाही. केरळनं म्हातारपणाच्या बाजूनं असंच पाऊल टाकलं. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात १९९३मध्ये डॉक्टर आणि स्वयंसेवकांनी वेदनाशामक उपचारांचं छोटं काम सुरू केलं. ते वाढत गेलं आणि २००८मध्ये राज्यानं त्यासाठी धोरणच केलं. आता तिथं पंचायतीच्या पैशांतून नर्स घरोघर जाते, जखमेची पट्टी बदलते, लघवीची नळी बघते, घरच्यांना हे कसं करायचं ते शिकवते. केरळात तरुण आखातात गेले आणि म्हातारे मागं राहिले. ती परिस्थिती कोकणाच्या फार जवळची आहे. जपाननं २०००मध्ये शुश्रूषा विमा आणला. चाळिशीपासून प्रत्येकाचा हप्ता आणि गरज पडली की घरी येऊन आंघोळ घालणारं प्रशिक्षित माणूस. तिथंही त्याआधी हे काम सुनाच करत होत्या.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान भारतखाली पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. उत्पन्नाची अट काढली, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट. पण ही योजना दवाखान्यात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. खुब्याचं ऑपरेशन त्यातून होतं. घरी परतल्यावर सहा आठवडे त्या बाईला उठवायला-बसवायला कुणी नसेल तर ती पुन्हा अंथरूणच धरते.

गावपातळीवर हे काम उभं करायचं म्हटलं की पहिलं नाव आशाताईंचं पुढं येतं. त्यांच्याकडे आधीच कामांची रास आहे, तेव्हा हेही त्यांच्यावर टाकू नये. पाच-सहा वाड्यांमागे एक प्रशिक्षित, पगारी शुश्रूषा कर्मचारी हवी किंवा हवा. ती नेमणूक ग्रामपंचायतीकडे असावी आणि पैसे राज्यानं द्यावेत. ‘पगारी’ या शब्दावर मी अडून बसेन. अंगणवाडी उभारताना आपण बायकांकडून पूर्ण दिवसाचं काम घेतलं आणि त्याला मानधन म्हटलं. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढं मान्य करून घ्यायला २०२२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. घरातली सून जे फुकट करत होती, तेच काम गावातल्या दुसऱ्या बाईकडून सेवाभावाच्या नावाखाली स्वस्तात करून घेतलं, तर तीही चार वर्षांत विरारची गाडी पकडेल.