नाव, ठिकाण आणि मजकूर : वेब होस्टिंगची मूलतत्त्वे

उस्मानाबाद शहराचे नाव 'धाराशिव' करण्यास केंद्र शासनाने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी संमती दिली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्हा व तालुका यांच्या नामांतराची राज्य शासनाची अधिसूचना निघाली, आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे नामांतर वैध ठरविले. या घटनेच्या राजकीय व ऐतिहासिक बाजूंची चर्चा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत लेखात तिच्या एका निराळ्याच अंगाचा विचार करावयाचा आहे. गावाचे नाव बदलले म्हणून गाव जागचे हलत नाही. जुन्या नावाने टाकलेले पत्रही पोस्टमन बहुधा पोचवितो. परंतु जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्यातही 'उस्मानाबाद' हा शब्द होता, आणि त्या पत्त्याचा आधार देणारी टिपणे, लेख व प्रबंध यांची संख्या लहान नाही. असा जुना पत्ता आज कोणी टंकित केला तर वाचक इष्ट स्थळी पोचेल की नाही, हे कशावर अवलंबून असते? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी संकेतस्थळाची निवासव्यवस्था, म्हणजे ज्यास व्यवहारात 'वेब होस्टिंग' म्हणतात ती, समजून घ्यावी लागते.

'होस्ट' म्हणजे यजमान. संकेतस्थळ म्हणजे वस्तुतः फायलींचा एक संच होय. त्यांत मजकूर असतो, चित्रे असतात, त्यांची मांडणी कशी करावयाची याच्या सूचना असतात. हा संच आपल्या टेबलावरील संगणकात असेल तर तो केवळ आपल्याच उपयोगाचा. तो जगास उपलब्ध व्हावा म्हणून अहोरात्र चालू असणाऱ्या आणि आंतरजालाशी अखंड जोडलेल्या संगणकावर ठेवावा लागतो. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जगातील पहिला वेब सर्व्हर चालू केला, तेव्हा त्या यंत्रावर 'हा सर्व्हर आहे, बंद करू नये' अशा आशयाची चिठ्ठी चिकटविलेली होती. होस्टिंगच्या व्यवसायाचे सारे मर्म त्या चिठ्ठीत आहे. जागा, वीज, जोडणी आणि देखरेख यांची जो अखंड हमी घेतो तो यजमान, आणि त्याकरिता आपण देतो ते भाडे.

नवशिक्याचा गोंधळ बहुतेक एकाच कारणाने होतो. तीन भिन्न गोष्टींना तो एकच समजतो. पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. दुसरी ठिकाण, म्हणजे सर्व्हर. आणि तिसरी मजकूर, म्हणजे फायली. या तिन्ही गोष्टी तीन वेगवेगळ्या पक्षांच्या ताब्यात असू शकतात आणि पुष्कळदा असतातही. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. शासकीय नावे 'गव्ह डॉट इन' या प्रत्ययाखाली येतात. जिल्ह्यांची संकेतस्थळे सामान्यतः १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवर वास करतात, आणि या केंद्राची राष्ट्रीय विदागारे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. मजकूर मात्र जिल्ह्याच्या कार्यालयांत तयार होतो. म्हणजे नाव धाराशिवचे, मजकूर धाराशिवचा, परंतु ठिकाण शेकडो किलोमीटर दूर, अशी ही रचना आहे. विद्यापीठांच्या व महाविद्यालयांच्या 'एसी डॉट इन' या प्रत्ययाची नोंदणी 'अर्नेट इंडिया' ही संस्था करते.

आता वाचकाने पत्ता टंकित केल्यावर काय घडते ते क्रमाने पाहू. संगणक एकमेकांस नावाने ओळखत नाहीत, अंकांनी ओळखतात. प्रचलित असलेल्या जुन्या पद्धतीत हा अंक ३२ द्विमान स्थानांचा असतो. त्यामुळे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते संभवतात. ते अपुरे पडू लागल्याने १२८ स्थानांची नवी पद्धतही आता वापरात आहे. नावावरून अंक शोधून देण्याचे काम 'डोमेन नेम सिस्टिम', संक्षेपाने डीएनएस, ही व्यवस्था करते. आरंभी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील एका संस्थेत ठेवलेली असे. ती यादी आवरेनाशी झाली तेव्हा, १९८३ साली, पॉल मोकापेट्रिस यांनी अधिकार वाटून देणारी ही रचना सुचविली. तिच्यात शोध उजवीकडून डावीकडे चालतो. प्रथम मूळ सर्व्हरला 'इन' कोणाकडे आहे ते विचारावयाचे, त्याला 'एसी' विषयी विचारावयाचे, आणि शेवटी संबंधित संस्थेच्या नावाविषयी. ज्या यंत्राकडे अंतिम नोंद असते ते अंक सांगते. मग वाचकाचा संगणक त्या अंकाच्या सर्व्हरकडे पानाची मागणी करतो आणि सर्व्हर पान धाडतो. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' या प्रत्ययासह देवनागरीतही नाव घेता येते. डीएनएसमध्ये मात्र ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात नोंदले जाते.

दर वेळी इतकी विचारपूस करणे परवडणारे नसल्यामुळे मिळालेले उत्तर वाटेतील यंत्रे काही मुदतीपर्यंत लक्षात ठेवतात. म्हणूनच सर्व्हर बदलल्यानंतर काही तास, क्वचित एकदोन दिवस, काही वाचक जुन्या ठिकाणी तर काही नव्या ठिकाणी पोचतात. या काळात जुना सर्व्हर चालू ठेवावा, हा व्यवहारातील पहिला धडा होय.

यजमानाकडे राहण्याचे प्रकार तीन-चार आहेत. पहिला सामाईक होस्टिंगचा. जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे एकच आड आणि एकच दिंडीदरवाजा वापरीत, तशी येथे शेकडो संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर, एकाच अंकावर नांदतात. आलेली मागणी कोणत्या बिऱ्हाडाची हे ओळखता यावे म्हणून मागणीबरोबर डोमेनचे नावही पाठविण्याचा नियम १९९७ च्या सुमारास रूढ झाला आणि त्यामुळेच हा प्रकार स्वस्त झाला. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपले पान मंदावते, हा त्याचा दोष. दुसऱ्या प्रकारात एकाच यंत्राचे सॉफ्टवेअरद्वारा स्वतंत्र भाग पाडून त्यांतील एक आपणांस दिला जातो. तिसऱ्यात संपूर्ण यंत्र आपले असते. चौथा प्रकार 'क्लाउड' या नावाने ओळखला जातो. त्यात अनेक यंत्रांच्या समूहातून गरजेप्रमाणे शक्ती घ्यावयाची आणि वापराप्रमाणे पैसे द्यावयाचे. नाव ढगाचे असले तरी यंत्रे जमिनीवरच, विटासिमेंटच्या इमारतीत असतात, हे विसरू नये.

किती जागा लागेल याचा अंदाज साध्या गुणाकाराने करता येतो. युनिकोडच्या प्रचलित रूपात देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट जागा घेते. दोन लाख चिन्हांचे एक लहान पुस्तक म्हणजे सहा लाख बाइट. एका साधारण छायाचित्राहूनही कमी. मजकूर स्वस्त आहे, चित्रे महाग आहेत. समजा, एखाद्या विभागाने तेर येथील मृण्मूर्तींची ५०० छायाचित्रे, प्रत्येकी ४ मेगाबाइटची, प्रसिद्ध करावयाचे ठरविले. त्यांस जागा लागेल २ गिगाबाइट. परंतु महिन्यात १००० वाचकांनी प्रत्येकी २० चित्रे पाहिली तर ८० गिगाबाइट वाहतूक होईल. वाचकांस २०० किलोबाइटची लहान प्रत दाखवून मूळ प्रत मागणीवर ठेवली, तर हीच वाहतूक ४ गिगाबाइटवर येते. सेवेच्या हमीचेही गणित पाहावे. '९९ टक्के वेळ चालू' हे वचन भरघोस वाटते. पण उरलेला एक टक्का म्हणजे वर्षाकाठी ३ दिवस १५ तास ३६ मिनिटे. ९९.९ टक्क्यांत हा काळ सुमारे पावणेनऊ तासांवर येतो.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. नामांतरानंतर जिल्ह्याच्या संकेतस्थळासाठी धाराशिवच्या नावाचा पत्ता वापरात आला. अशा प्रसंगी मजकुरास धक्का लागत नाही, सर्व्हरही तोच राहू शकतो. बदलते ते केवळ डीएनएसमधील नाव. जुने नाव नोंदलेले ठेवले, आणि त्या नावाने येणाऱ्या प्रत्येक मागणीस 'हे पान कायमचे अमुक पत्त्यावर गेले आहे' असे उत्तर देण्याची सोय केली, तर वाचकास बदल जाणवतही नाही. सर्व्हरच्या परिभाषेत या उत्तराचा क्रमांक ३०१ असा आहे. ही सोय केली नाही, आणि नाव मात्र चालू राहिले, तर बहुधा ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', हे उत्तर मिळते. नावाची नोंदणीच संपू दिली तर उत्तर देणाराच उरत नाही; इतकेच नव्हे, तर सर्वांस खुल्या असलेल्या प्रत्ययाखालील असे सुटलेले नाव कोणीही तिऱ्हाईत घेऊ शकतो. डोमेन हे विकत मिळत नाही, मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळते.

नाव टिकले आणि ठिकाण हरपले तर काय होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे नगर असल्याचे म्हटले आहे. टॉलेमीने तगरचा उल्लेख केला आहे. शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. नाव ग्रंथांत होते, ताम्रपटांत होते. परंतु ते कोणत्या भूमीचे, याची जोड तुटली होती. देवगिरी, जुन्नर, धारूर असे नाना तर्क झाले. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेरणाकाठचे तेर हे दाखवून दिले. तेरची माती तेथेच होती म्हणून हा शोध शक्य झाला. संकेतस्थळाचा मजकूर पुसला गेल्यावर उत्खनन करावयास माती उरत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती. १९९४ साली सुरू झालेल्या 'जिओसिटीज' या विनामूल्य सेवेवर लक्षावधी लोकांनी आपली पाने ठेवली होती. ती सेवा अमेरिकेत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे 'ओव्हीएच' या कंपनीची एक इमारत आगीत जळाली, आणि ज्यांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या अशा अनेकांचा मजकूर कायमचा गेला. मराठीपुरती आणखी एक हानी सांगितली पाहिजे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट टंकांवर अवलंबून होती. तो टंक नसेल तर पान उघडते, पण अक्षरे अर्थशून्य दिसतात. ठिकाण आहे, मजकूरही आहे, परंतु वाचता येत नाही.

यावरून विभागांनी व संशोधकांनी काही नियम पाळावे असे वाटते. डोमेन एखाद्या अध्यापकाच्या वा कंत्राटदाराच्या व्यक्तिगत नावे न घेता संस्थेच्या नावे घ्यावे, आणि त्याची मुदत कार्यालयाच्या नोंदवहीत लिहावी. माणसे निवृत्त होतात, परवलीचे शब्द त्यांच्याबरोबर जातात. मजकुराच्या किमान तीन प्रती असाव्या, त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी, आणि ती खरोखर उघडते की नाही हे वर्षातून एकदा तरी पाहावे. मजकूर युनिकोडमध्येच ठेवावा. शक्य तेथे साधी, स्थिर पाने करावी. ज्या पानामागे चालती यंत्रणा कमी, ते दुसरीकडे हलविणे सोपे. पत्ता बदललाच तर जुन्या प्रत्येक पानापासून नव्या पानाकडे वाट ठेवावी. सर्वांस मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे पाहुण्यास घराऐवजी वेशीपाशी उतरविणे होय.

संशोधकाने आधार देताना पत्त्याबरोबर पाहिल्याची तारीख लिहावी आणि शक्य असल्यास १९९६ साली स्थापन झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह'मध्ये त्या पानाची प्रत जतन करावी. जेथे स्थायी ओळख-क्रमांक मिळतो तेथे तोच द्यावा. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारातील प्रबंधांस १०६०३ या उपसर्गाने आरंभ होणारे असे क्रमांक असतात. सर्व्हर बदलला, संस्थेचे नाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो; मधल्या नोंदवहीत नव्या ठिकाणाची नोंद करावयाची, इतकेच.

मात्र ती नोंद कोणीतरी करावी लागते. सर्वच व्यवस्थेची हीच गोष्ट आहे. नाव, ठिकाण आणि मजकूर यांपैकी प्रत्येक बदलू शकते. किंबहुना कालांतराने ते बदलणारच. टिकवावयाची असते ती त्यांच्यामधील जोड, आणि ती यंत्राने नव्हे तर जबाबदारी घेतलेल्या माणसाने टिकते. उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या नावाने लिहिलेल्या विद्येस नव्या नावाच्या घरी पोचता यावे, हे काम ज्याचे त्याने आपापल्या विभागात आजच नेमून द्यावे.