तरावा: भांगाची भरती आणि अर्धा किलोमीटर पाणी

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप.

समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवणं म्हटलं की नॉर्मंडी आठवते. मी आज त्याच्या सात महिने आधीची गोष्ट सांगणार आहे. प्रशांत महासागर, तरावा अ‍ॅटॉल, बेटिओ नावाचं बेट. लांबी जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर, रुंदी एक किलोमीटरसुद्धा नाही. तिथे जपानची धावपट्टी होती आणि तिच्या रक्षणासाठी मजूर धरून साडेचार हजारांच्या आसपास माणसं.

20 नोव्हेंबर 1943 ला अमेरिकेची दुसरी मरीन डिव्हिजन तिथे उतरली. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा होता. सैनिकांना नेणाऱ्या हिगिन्स बोटी, म्हणजे सपाट तळाच्या आणि पुढचा दरवाजा खाली पडणाऱ्या. भरलेल्या बोटीला साधारण साडेतीन-चार फूट पाणी लागायचं. तेवढं पाणी कठड्यावर असेल का, हा सगळ्यात मोठा प्रश्न होता.

आता बघा, कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. भांगाला भरती कमी चढते. त्या दिवशी चंद्र नेमका कृष्ण अष्टमीच्या आसपास होता. त्यात भर म्हणजे तो पृथ्वीपासून लांबही होता, त्यामुळे ओढ आणखी कमी. हे दुसरं कारण 1987 मध्ये डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं.

मग अधिकाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं का? तसं नाही. त्या बेटांवर राहिलेले मेजर फ्रँक हॉलंड यांनी पाणी कमी पडेल असं आधीच बजावलं होतं. म्हणून तर कठड्यावरून रांगत जाणारी पट्ट्यांची वाहनं, म्हणजे अ‍ॅमट्रॅक, गोळा केली गेली. पण ती होती 125 च्या आसपास. पहिल्या तीन लाटांना पुरली. पुढच्या लाटा बोटींतूनच येणार होत्या.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला इथे बॅकअप दिसतो. बॅकअप होता, पण सुरुवातीचा लोड पेलण्यापुरताच. पुढचं सगळं पाण्याच्या भरवशावर. आणि पाणी चढलंच नाही.

बोटी कठड्यावर अडल्या. जवान तिथेच उतरले. कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत पाणी, बंदूक डोक्यावर धरलेली, समोर मशीनगन आणि किनारा सुमारे अर्धा किलोमीटर दूर. पाण्यात धावता येत नाही, आडोसाही नाही. लांब धक्क्याच्या खांबांमागे जे पोचले त्यांना थोडा आसरा मिळाला. पहिल्या दिवशी साधारण 5,000 जण उतरले; त्यातले 1,500 च्या आसपास मेले किंवा जखमी झाले.

76 तासांनी बेट पडलं. अमेरिकेचे सुमारे 1,000 जण गेले. जपानी सैनिकांपैकी 17 जिवंत सापडले, आणि मजुरीला आणलेले 129 कोरियन. या कोरियन मजुरांना हे युद्ध कोणी विचारून दिलं नव्हतं, हेही लक्षात ठेवूया.

पाण्यात तरंगणाऱ्या मृतदेहांचं चित्रण अमेरिकेत दाखवायचं की नाही, हा प्रश्न थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला. त्यांनी परवानगी दिली. ‘विथ द मरीन्स अ‍ॅट तरावा’ या माहितीपटाला पुढे ऑस्करही मिळालं.

यानंतर नौदलाने किनाऱ्याचं पाणी आधी मोजणाऱ्या आणि अडथळे सुरुंगाने उडवणाऱ्या पाणबुड्यांच्या तुकड्या उभ्या केल्या. पुढच्या स्वाऱ्यांमध्ये अ‍ॅमट्रॅकही जास्त आले. धडा घेतला गेला, हे खरं. पण मला विचाराल तर धोका कळला नव्हता असं म्हणणं चूक आहे. धोका कळला होता, मोजला होता आणि पत्करला होता. पाण्यात चालत जाणाऱ्यांना मात्र तो कोणी विचारला नव्हता.

तुमच्याकडे भांगाला काय म्हणतात, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!