आधी हवा, मग गन

चंदेरी गाडीचा दरवाजा रंगवून झाला की गिऱ्हाईक चार पावलं लांब उभं राहून म्हणतं, 'शेड जुळली नाही.' खापर फुटतं रंग मिसळून देणाऱ्या दुकानदारावर. पुष्कळदा त्याचं मिश्रण बरोबर असतं. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे अगदी बारीक पापुद्रे असतात. रंगाचा हात जाड, ओला बसला तर ते खोल जातात आणि शेड काळपट दिसते. हात कोरडा पडला, म्हणजे रंग थोडा आणि हवा फार झाली, तर ते वरच राहतात आणि दरवाजा उजळ दिसतो. एकाच डब्यातून दोन छटा निघतात, त्या पेंटरच्या मनगटामुळे आणि त्याच्या गनमुळे.

डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात नवा पडलेला मुलगा 'कुठली गन घेऊ?' असं विचारतो, तेव्हा त्याला उलट विचारावं: कॉम्प्रेसर कुठला आहे? गनच्या माहितीपत्रकात हवेचे दोन आकडे असतात. एक दाबाचा, दुसरा मिनिटाला किती घनफूट हवा लागेल त्याचा. दाब सगळे वाचतात. काम अडतं ते दुसऱ्या आकड्यावर. दोन अश्वशक्तीचा पिस्टन कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण सात-आठ घनफुटांचा म्हणून विकला जातो. तो आकडा बहुधा पिस्टनने ओढलेल्या हवेचा असतो. पाइपातून प्रत्यक्ष बाहेर येते ती पाऊण हिश्शाच्या आसपास. अशा यंत्राला पंधरा घनफूट मागणारी भारी गन जोडली की बॉनेटच्या पहिल्या दोन पट्ट्या सुरेख येतात, तिसऱ्या पट्टीला टाकीतला दाब उतरतो, थेंब मोठे होतात आणि क्लिअरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, संत्र्याच्या सालीसारखा दाणेदार पोत उमटतो. मग गनला शिव्या बसतात.

या यंत्राचं मूळ घशाच्या औषधात आहे. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो गावी डॉ. ॲलन डिव्हिलबिस यांनी १८८०च्या दशकात रुग्णाच्या घशात औषधाचा फवारा सोडणारं उपकरण केलं. त्यांचा मुलगा टॉमस याने तीच युक्ती रंगाला लावली आणि १९०७ साली हातात धरायची स्प्रे गन आली. मोटारीच्या कारखान्यांत तिला खरी जागा मिळाली ती मात्र १९२०च्या दशकात. तोवर गाड्या ब्रशने, थरावर थर देत रंगवल्या जात आणि वाळायला कित्येक आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आला. तो इतक्या झटपट वाळे की ब्रशची पुढची ओढ होईपर्यंत मागची सुकायला लागलेली असे. असा रंग लावायचा तर फवाराच हवा. रंग बदलला म्हणून अवजार बदललं, आणि आजही गन निवडताना हाच क्रम धरावा.

पुढचा मोठा बदल हवेच्या प्रदूषणामुळे झाला. जुन्या पद्धतीच्या, जास्त दाबाच्या गनमधून निघालेल्या रंगापैकी जेमतेम एक तृतीयांश पत्र्यावर बसतो. बाकीचा धुक्यासारखा उडतो, भिंतीवर आणि पेंटरच्या छातीत जातो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हवा-नियंत्रण यंत्रणेने किमान ६५ टक्के रंग वस्तूवर बसवणाऱ्या गनचा आग्रह धरला. एचव्हीएलपी, म्हणजे भरपूर हवा पण कमी दाब, ही जात त्या काळात रुजली. तिच्या कॅपपाशी दाब १० पीएसआयच्या वर जात नाही. रंग वाचतो हे खरं, पण हवा ती भरपूर पिते. छोट्या गॅरेजने तिच्या मोहात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साता कंपनीची आरपी किंवा इवाता कंपनीची डब्ल्यू-४०० या मधल्या जातीच्या गन नऊ-दहा घनफुटांत भागवतात. त्याहूनही कमी हवेवर चालणाऱ्या एलव्हीएलपी गन मिळतात. त्यांचा पट्टा अरुंद, वेग कमी. पण एक मडगार्ड किंवा आरसा रंगवायला त्या पुरतात.

नोझलचं गणित त्या मानाने सोपं आहे. बेसकोटला १.२ ते १.३ मिलिमीटर, क्लिअरला १.३ ते १.४, प्रायमर-सरफेसरला १.६ ते १.८. फवाऱ्याने मारायच्या लांबीला २ किंवा त्याहून मोठं. प्रायमरची गन वेगळीच ठेवावी. त्यातली भुकटी सुईला घासते आणि त्याच गनने मारलेल्या क्लिअरमध्ये कधी ना कधी कण दिसतोच.

गन पारखायची ती कागदावर. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवायचं, वीतभर अंतरावरून क्षणभर ट्रिगर दाबायचा. लांबट, दोन्ही टोकांना सारखा निमुळता डाग आला की गन ठीक. डाग केळ्यासारखा वाकडा आला तर एअर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारायचा. बाक दुसऱ्या बाजूला गेला तर कॅपच्या शिंगातलं भोक बुजलं आहे. तिथेच राहिला तर दोष नोझलच्या टोकाशी. मिनिटभराची ही परीक्षा दुकानात करू देत नसतील तर ती गन तिथून घेऊ नये. भोक साफ करायला लोखंडी तार घालणारे मी पाहिले आहेत. ते भोक पुन्हा गोल होत नाही. मऊ ब्रश आणि थिनर पुरतं, आणि अख्खी गन रात्रभर थिनरच्या डब्यात बुडवून ठेवू नये. आतली पॅकिंग फुगतात. सुई, नोझल आणि कॅप जोडीने झिजतात, बदलायचीही जोडीने. म्हणून हा सेट पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतो का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावं. सेट मिळत नसेल तर नावाजलेली गनही वर्ष-दोन वर्षांत प्रायमरच्या कामाला लागते.

पावसाळ्यात हवाच पाणी घेऊन येते. दाबलेली हवा थंड झाली की टाकीत पाणी साचतं, आणि ते रोज सकाळी कॉक उघडून काढलं नाही तर थेट रंगात उतरतं. पत्र्यावर फोड येतात. गनच्या मुठीला लावलेला लिंबाएवढा फिल्टर कोकणातल्या जुलैत पुरत नाही. कॉम्प्रेसरपासून लांब, नळी गार झाल्यावर, भिंतीवर मोठा सेपरेटर हवा.

कोकणातल्या गाड्यांसाठी हवेवर चालणारी अजून दोन अवजारं लागतात. अंडरबॉडी कोटिंगची गन तर अगदी साधी: लिटरभराचा डबा खालून फिरवून बसवायचा आणि रबरी लेप चाकाच्या कमानीत मारायचा. तिच्याहून उपयोगी, पण फारशी न दिसणारी, म्हणजे मेणाची गन. तिला लांब, वाकणारी नळी असते आणि टोकाचं नोझल चहूबाजूंनी फवारतं. दरवाजाच्या पोटात आणि खालच्या पट्टीच्या पोकळीत ती नळी घालून हळूहळू ओढत बाहेर काढायची. समुद्राकाठच्या गाडीचा पत्रा आतून सडतो, बाहेरच्या लेपाने तो वाचत नाही.

राहिला मास्क. हार्डनर मिसळून मारायच्या टूके रंगात आयसोसायनेट असतं, आणि त्याने जडलेला दमा पेंटरला कायमचा धंद्यातून उठवू शकतो. नाकाला वास जाणवेपर्यंत त्याने धोक्याची मर्यादा ओलांडलेली असते, त्यामुळे 'वास आला की बाहेर पडतो' या बोलण्याला अर्थ नाही. रुमाल तर मुळीच चालत नाही. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवा, आणि त्याला मिनिटाला चार ते सहा घनफूट हवा लागते. शिवाय कोळशाचा फिल्टर लागतो, कारण कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाची वाफ असते, आणि कॉम्प्रेसर रंगाच्या धुक्यापासून दूर बसवावा लागतो. हे चार-सहा घनफूट गनच्या नऊ-दहांत मिळवले की एकट्या गनलाच तोकडं पडणारं दोन अश्वशक्तीचं यंत्र मुळीच पुरत नाही. पाच अश्वशक्तीचं घ्यावं लागेल. त्यासाठी गन एक पायरी हलकी घ्यावी लागली तरी घ्यावी.