चाकांवरची कार्यशाळा : थोड्या जागेत जड यंत्रे

ज्या सुताराने पिढ्यान्‌पिढ्या गावच्या बैलगाड्यांना चाके घडवून दिली, त्याच्या स्वतःच्या यंत्रांना मात्र सहसा चाके नसतात. करवत यंत्र, रंधा यंत्र किंवा पट्टा करवत एकदा ज्या जागी उतरवली, तेथेच ती वर्षानुवर्षे उभी राहते. त्यामुळे जागा अडते, काम अडते. यंत्रासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र अडत नाही.

नागपूरच्या पूर्वेस, मुंबई-हावडा लोहमार्गावरील दुर्ग-भिलाई परिसरात बोरसी ही निवासी वस्ती आहे. अशा वस्तीत घराला लागून १२ फूट रुंद व १८ फूट लांब असा सुतारकामाचा गाळा आहे, असे धरू. ८ फुटी फळी उभी चिरावयाची तर करवतीच्या पुढे ८ फूट आणि मागे ८ फूट, म्हणजे एकूण १६ फूट मोकळी जागा लागते. रंध्यालाही तेवढीच लागते. दोन्ही यंत्रांना स्वतंत्र जागा देणे अशा गाळ्यात शक्य नाही. परंतु एकटा कारागीर एका वेळी एकच यंत्र चालवतो. तेव्हा गाळ्याची मधली जागा सर्व यंत्रांची सामाईक मानावी, ज्याचे काम असेल ते मध्ये आणावे आणि बाकीची भिंतीलगत ठेवावीत. मोठा गाळा भाड्याने घेण्यापेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त पडतो.

चौकट आणि चाके

यासाठी लोखंडी ॲंगलची एक चौकट पुरते. भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा पोलादनगरीत वेल्डिंग जाणणारा कारागीर शोधत हिंडावे लागत नाही. यंत्राची बैठक चौकटीच्या आत, जमिनीलगत बसावी आणि चाके चौकटीच्या बाहेरच्या अंगास जोडावीत. यंत्राच्या खाली चाके लावल्यास त्याची उंची वाढते, कामाच्या वेळी खांद्यांवर ताण येतो आणि यंत्र कलंडण्याचा धोकाही वाढतो. पट्टा करवत उंच व अरुंद असल्याने तिची चौकट बैठकीपेक्षा बरीच रुंद ठेवावी.

चाके निवडताना एक हिशेब ध्यानात घ्यावा. यंत्र २४० किलो आणि चौकट ३० किलो, म्हणजे एकूण भार २७० किलो. चार चाकांत तो वाटला तर प्रत्येकी साडेसदुसष्ट किलो येतो, असे वरवर वाटते. परंतु फरशी उंचसखल असली की एक चाक अधांतरी राहते आणि सारा भार तिघांवर पडतो. तेव्हा प्रत्येक चाकावर किमान ९० किलो धरावेत आणि १२० किलो क्षमतेचे चाक घ्यावे. चाक जितके मोठे, तितके ते फरशीच्या सांध्यांवरून व भुशातून सहज जाते. दोन चाके स्थिर आणि ढकलण्याच्या बाजूची दोन फिरती असावीत. चारही फिरती असल्यास उतरत्या फरशीवर जड यंत्र हाती राहत नाही.

काम पायांवर, प्रवास चाकांवर

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की चाके हलवण्यासाठी आहेत, काम करण्यासाठी नाहीत. ब्रेक लावलेले चाकही किंचित डुलते. आणि पाते फिरत असताना यंत्र बोटभर सरकले, तर त्याची किंमत खरोखरच बोटाने मोजावी लागते. म्हणून चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर नट वेल्ड करून त्यांतून जाड बोल्ट घ्यावेत व त्यांच्या तळाशी रबरी पाय बसवावेत. बोल्ट खाली फिरवले की चाके जमिनीपासून सुटतात आणि यंत्र पायांवर भक्कम उभे राहते. मग पाणसळ ठेवून पातळी तपासावी, हाताने हलवून पाहावे आणि त्यानंतरच वीज चालू करावी.

यंत्र हलवण्यापूर्वी प्लग काढावा, मेजावरील लाकूड उतरवावे, फरशीवरील भुसा व ढलप्या झाडून घ्याव्यात. यंत्र शक्य तितक्या खालून आणि सावकाश ढकलावे. नव्या जागी अर्थिंग असलेलाच प्लग असावा. वायर पायवाटेत पडू देऊ नये. एक टन वजनाच्या यंत्राला मात्र हा उपाय लागू नाही. ते जमिनीत बोल्टने पक्के केलेलेच बरे.

बँकेशी असलेला संबंध

कर्जावर घेतलेले यंत्र सामान्यतः बँकेकडे नजरगहाण असते. यंत्र मालकाच्या ताब्यात राहते, मात्र त्यावर बँकेचा बोजा असतो. गाळ्यातल्या गाळ्यात ते फिरवण्यास अडचण नाही. परंतु चाके लागली म्हणून ते दुसऱ्या जागी न्यावयाचे असल्यास आधी शाखेची लेखी संमती घ्यावी आणि विमा कंपनीस नवा पत्ता कळवावा. विमापत्रात बहुधा जागेचा उल्लेख असतो. तेथून हललेल्या यंत्राचा दावा अडचणीत येऊ शकतो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरास अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिच्यात तरतूद आहे. यंत्राचा खर्च मांडताना चौकट, चाके व प्लग यांचा खर्चही आरंभीच धरावा. एकूण रकमेत तो अल्प असतो. पण त्याच्यामुळेच लहान गाळ्यात प्रत्येक यंत्र कामाला लागते आणि आपला हप्ता आपणच कमावू लागते.