तापलेला सोडा, गार सोडा

उन्हाळ्यात सोड्याच्या बाटल्यांचे खोके दुकानाच्या दारातच रचलेले असतात. दुकानदार त्यांतील चार-सहा बाटल्या बर्फात सारतो. बाहेर तापलेल्या बाटल्यांतील वायू उडून जातो आणि मग त्या गार करूनही उपयोग नसतो, असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे काय?

सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डाय-ऑक्साइड विरघळविलेले पाणी. दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट होतो, हा नियम विल्यम हेन्री या इंग्रज शास्त्रज्ञाने 1803 साली मांडला. तापमानाचा परिणाम मात्र उलटा असतो. एक वातावरण दाबाखाली 1 लिटर पाण्यात 5° से. तापमानाला सुमारे 1.4 लिटर वायू मावतो, 30° ला 0.67 लिटर, तर 40° ला जेमतेम 0.53 लिटर.

समजा, लिटरभर पाण्यात 4 लिटर वायू कोंबून बाटली बंद केली. तो पाण्यात राहण्यासाठी 5° ला 4 ÷ 1.4, म्हणजे सुमारे 2.8 वातावरणे दाब लागेल. 30° ला 6 आणि 40° ला साडेसात! बाटली तापली की थोडासा वायू पाण्यातून निघून गळ्याजवळच्या रिकाम्या जागेत जमतो. ही जागा लहान असल्याने तेथील दाब लगेच चढतो आणि बाकीचा वायू पाण्यातच थोपवला जातो. बूच पक्के असेल तर वायू जाणार कोठे? बाटली गार केली की तो हळूहळू पुन्हा पाण्यात शिरतो. युरोप-अमेरिकेत घरी बिअर करणारे लोक भरलेले पिंप साध्या खोलीत ठेवून आयत्या वेळी गार करतात, ते याच भरवशावर. (उष्णतेने चव लवकर बिघडते, तो प्रश्न निराळा.)

येथे एक गफलत होण्याचा संभव आहे. वायू तापला म्हणून दाब वाढला, असे उत्तर विद्यार्थी हमखास देतात. पण 5° पासून 40° पर्यंत म्हणजे 278 पासून 313 केल्विनपर्यंत. एवढ्याने दाब फक्त आठवा हिस्सा वाढेल, 2.8 चा 3.15 होईल. उरलेली सारी वाढ पाण्याने बाहेर टाकलेल्या वायूची!

गोटीच्या सोड्यात हा फरक बोटाला कळतो. आतला वायूच गोटीला रबरी कड्यावर दाबून धरतो. कड्याचे भोक 1 चौरस सेंटिमीटर धरले, तर बाहेरच्या हवेचा दाब वजा जाता गार बाटलीची गोटी ढकलण्यास पावणेदोन-दोन किलोग्रॅम भार पुरतो. 30° च्या बाटलीला पाच किलोग्रॅमहून अधिक लागतो. उन्हात पडलेल्या काचेच्या बाटलीची काच कोठे तडकलेली असेल, तर ती फुटून तुकडे डोळ्यांत जाऊ शकतात. अशी बाटली हलवू नये, आपटू नये; आधी सावलीत न्यावी.

गार करण्याची घाईही नको. पाणी थंड झाले तरी वायू परत विरघळायला वेळ लागतो, म्हणून बाटली काही तास थंड जागी स्वस्थ ठेवावी. मात्र ती बर्फ करण्याच्या कप्प्यात विसरू नका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, आणि बर्फात वायूला जागा नसल्याने तो सगळा उरलेल्या पाण्यात व गळ्यात लोटला जातो. तापलेल्या बाटलीइतकीच ही गोठलेली बाटलीही फुटू शकते.