पाव मिलीग्रामची ‘हलकी’ गोळी

“पॉइंट टू-फाईव्हची आहे हो ताई, अगदी हलकी. काही होत नाही.”

मेडिकलच्या काउंटरवर, डोहाळजेवणाच्या पंगतीत, एसटीत शेजारच्या सीटवर आणि चांगल्या शिकल्यासवरल्या नवऱ्यांच्या तोंडूनसुद्धा हे वाक्य नगर जिल्ह्यात इतक्यांदा कानावर येतं की आता चीड येते. विषय असतो अल्प्राझोलामचा. सातवा महिना, रात्रीचे दोन, डोळे टक्क उघडे. घरात सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी एक पाकीट पडलेलं असतंच. त्यातली अर्धी मोडून घेतली जाते, झोप लागते, आणि आठवड्याभरात अर्धीची एक होते.

आधी त्या आकड्याचा निकाल लावू. पॅरासिटामॉलची गोळी 500 मिलीग्रामची आणि ही 0.25 ची, म्हणून ही हलकी, असा हिशेब केला जातो. मिलीग्राम हे वजन आहे, जोर नव्हे. लवंगी मिरची बोटभर नसते म्हणून तिची कुणी भोपळी मिरचीसारखी भाजी करून खात नाही. 0.25 मिलीग्राम अल्प्राझोलामचा परिणाम साधारण 5 मिलीग्राम डायझेपामइतका धरतात. डायझेपाम म्हणजे जुन्या पिढीला ‘काम्पोज’ म्हणून ठाऊक असलेलं औषध. त्या गोळीला आपल्या आज्या घाबरायच्या आणि नातसुना हिला हलकी म्हणतात.

हलकी असती तर सरकारनं तिच्यामागे एवढी कटकट लावली नसती. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये आहेत. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर द्यायची नाहीत. दिली तर डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहायचं, आणि ती वही तीन वर्षं जपायची. अल्प्राझोलामच्या पाकिटावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ अशी खूणही असते. अडचण अशी, की दुकानदार कात्रीनं चार गोळ्या कापून देतो तेव्हा ही खूण आणि इशाऱ्याची लाल चौकट बहुधा दुकानातच राहते.

पोटातल्या बाळाचं काय होतं? ही औषधं वारेतून बाळापर्यंत पोचतात. शेवटच्या महिन्यांत नेमानं घेतली तर जन्मलेलं मूल लुळं पडलेलं, नीट न चोखणारं, अंग गार पडणारं असू शकतं. कधी श्वासही मंद असतो. आईकडून येणारा पुरवठा तुटल्यानं काही बाळं थरथरतात, कर्कश रडतात. नवजात बाळाचं यकृत असलं औषध सावकाश काढून टाकतं, त्यामुळे हा प्रकार काही दिवस चालू शकतो.

आता दुसरी बाजू, कारण घाबरवणारेही कमी नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत अल्प्राझोलामच्या गटातली गोळी पोटात गेली म्हणजे बाळात व्यंग येणारच, असं ठासून सांगितलं जातं. दक्षिण कोरियात सुमारे 31 लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये 2022 साली तो अभ्यास आला. जन्मजात दोषांचा धोका सुमारे 9 टक्क्यांनी जास्त दिसला. हा आकडा नीट वाचायला हवा. गंभीर जन्मदोष कुठल्याही गरोदरपणात हजारात तीसेक असतात असं धरलं, तर 9 टक्के वाढ म्हणजे तीसाचे तेहेतीस. शून्य नाही, पण दिवस गेल्याचं कळण्याआधी दोन गोळ्या घेतल्या म्हणून रडत बसावं किंवा गर्भपाताचा विचार करावा, असंही यात काही नाही.

आणि इथूनच ‘हलकी गोळी’चं जुळं भावंड जन्माला येतं: “कळलं ना दिवस गेलेत? मग आजपासून बंद.” हा सल्ला देणारे स्वतःला जबाबदार समजतात. जी बाई महिनोन्‌महिने रोज ही गोळी घेत आली आहे तिनं ती एका रात्रीत सोडली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, जीव घाबरा होतो, हात कापतात आणि काहींना झटके येतात. गरोदरपणातला झटका आई आणि बाळ दोघांनाही महागात पडतो. शिवाय क्लोनाझेपाम, क्लोबाझाम या त्याच कुळातल्या गोळ्या कित्येकींना झोपेसाठी नव्हे, फिट्ससाठीच दिलेल्या असतात. घरच्यांनी पाकिटाकडे बघून “झोपेची गोळी” म्हणायचं आणि फेकून द्यायचं, हा अडाणीपणा आहे. डोस आठवड्या-आठवड्यानं उतरवायचा की तसाच ठेवायचा, हे डॉक्टरनं ठरवायचं. गोळी चालू असेल तर तपासणीला जाताना पाकीट बरोबर न्या आणि ती किती दिवस चालली आहे ते खरं सांगा.

भीती मात्र आभाळातून पडलेली नाही. थॅलिडोमाइड हे झोपेचंच औषध होतं. 1957 साली पश्चिम जर्मनीत ते बाजारात आलं, निर्धोक म्हणून गाजलं आणि चिठ्ठीशिवाय मिळायचं. 1961 च्या नोव्हेंबरात ते मागे घेईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांचे दोष घेऊन जन्मली होती. पण भीतीही चुकते. गरोदरपणातल्या उलट्यांसाठी दिली जाणारी डॉक्सिलामाइन–पायरिडॉक्सिनची गोळी कंपनीनं अमेरिकेत 1983 साली खटल्यांना कंटाळून बंद केली. अभ्यासांत दोष काही सिद्ध झाला नाही, आणि 2013 साली तिला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. तिनं गुंगी येते हे खरं. म्हणून ती आपल्या मनानं झोपेसाठी घ्यायची नाही.

खरं तर गोळीच्या आधीचा प्रश्न कुणी विचारतच नाही: झोप का येत नाही? संगमनेर, अकोले, राहुरीकडे शेतीची लाईट रात्रपाळीची असली की नवरा बॅटरी घेऊन पाणी भरायला जातो, उसात बिबट्या असतो, आणि सात महिन्यांची बाई घरात तो परत येईपर्यंत जागी असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला गेलेल्या कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, पहाटे अंधारात फडात जायचं असतं. कोपीत कसली आलीय झोपेची शिस्त? यावर गोळी हा उपाय नाही, आणि ‘मन शांत ठेवा’ हाही नाही.

शरीरातली कारणं मात्र सापडतात आणि बरीही होतात. आडवं झालं की पायांत किडे चालल्यासारखी वळवळ, पाय हलवला की तेवढ्यापुरतं बरं, असं असेल तर लोह कमी आहे का ते बघायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 52 टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे उशाशी ज्या लोहाच्या गोळ्या न खाता पडून असतात, त्यांतच कित्येकींची झोप आहे. त्या चहाबरोबर मात्र घेऊ नयेत. चहा लोह अंगी लागू देत नाही. छातीत जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण दोन-तीन तास आधी घ्या आणि उशी उंच ठेवा. नव्यानं जोरजोरात घोरणं सुरू झालं असेल तर बीपी मोजा. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज येत असेल, अंगावर पुरळ काहीच नसेल, तर ते कोरड्या त्वचेवर ढकलू नका. यकृताची तपासणी लगेच करायला हवी, कारण त्यात बाळाला धोका असतो.

यातलं काहीच नसेल तर पहिला उपाय सवयींचा आहे. उठायची वेळ रोज एकच. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठायचं, मोबाइल न घेता काहीतरी करायचं, पेंग आली की परत आडवं व्हायचं. ऐकायला आजीच्या सल्ल्यासारखं वाटतं, पण याची रीतसर उपचारपद्धती आहे. अमेरिकेत 179 गरोदर स्त्रियांवर तिची चाचणी झाली (2019): हे उपचार घेणाऱ्या 64 टक्के स्त्रियांची निद्रानाशातून सुटका झाली, तुलनेच्या गटात 52 टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण बाळापर्यंत काहीच पोचत नाही. त्यानंही भागलं नाही तर औषधं आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शनात तीव्र किंवा चिवट निद्रानाशासाठी प्रोमेथाझिनचा विचार करा असं म्हटलं आहे. विचार डॉक्टरनं करायचा आहे, मेडिकलवाल्यानं नाही. झोपेबरोबर भूक, हसू आणि जगण्याची इच्छाही गेली असेल, तर तो निद्रानाश नसून नैराश्य असू शकतं. टेलि-मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी असते. झोपेचं रडगाणं तिथे बेलाशक गावं. ‘एवढ्यासाठी कशाला सांगायचं’ म्हणून गप्प बसणाऱ्या बाया आशाताईंपाशी मात्र बोलतात. बाई बाईचं ऐकते, हे जामखेडला आरोळे डॉक्टर दाम्पत्यानं 1970 पासून गावच्याच बायकांना आरोग्यसेविका बनवून दाखवलं आहे.

बाकीचे गैरसमज पटापट.

डाव्या कुशीवरच झोपलं पाहिजे: नाही. 28 आठवड्यांनंतर उताणं झोपू नये एवढंच. 2019 साली पाच अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा उजवी कूसही डावीइतकीच सुरक्षित निघाली. झोपेत उताणं झालात तर जाग आल्यावर वळा, एवढं पुरे.

जायफळ घरचंच, त्याचं काय भ्यायचं: पुरणपोळीतली चिमूट ठीक, पण झोपेसाठी चमचाभर उगाळून दुधात घेतलं तर ते विषारी ठरू शकतं.

आयुर्वेदिक आहे, चालतं: अश्वगंधा गरोदरपणात स्वतःहून घेऊ नये. मेलाटोनिनच्या गोड गोळ्यांचंही तसंच. पोटातल्या बाळासाठी त्या सुरक्षित आहेत, असं म्हणण्याइतका पुरावा नाही.

दिवसा झोपलं की मूल आळशी होतं: काहीतरीच. दुपारी अर्धा तास पडा, फक्त तीननंतर नको.

कूस बदलताना आधी उठून बसावं, नाहीतर बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते: नाळ बाळाच्या स्वतःच्या हालचालीनं गुंडाळते. जवळपास दर चार-पाच बाळंतपणांत एकदा ती मानेभोवती सापडते आणि बहुतेक वेळा सुईणीच्या बोटानं सहज निघते. या एका समजुतीपायी रात्रीतून दहा वेळा उठून बसणाऱ्या बाया आहेत, आणि मग सकाळी त्याच विचारतात, “झोप का येत नाही हो?”