एक ग्रॅम माती, साडेसात गुंठे

मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या रानातली चिमूटभर माती घ्या. वाळूचे कण आणि कुजलेला पालापाचोळा वगळला, तर त्यात प्रामुख्याने उरतात माँटमोरिलोनाइटच्या घराण्यातली खनिजे, दख्खनचा बेसॉल्ट लाखो वर्षे झिजून तयार झालेली. ही खनिजे पातळ पत्र्यांची बनलेली असतात आणि एकेक पत्रा जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, एवढाच जाड असतो. एका ग्रॅममधले सगळे पत्रे सुटे करून दोन्ही बाजूंनी मोजले, तर पृष्ठभाग भरतो सुमारे साडेसातशे चौरस मीटर. शेतकऱ्याच्या हिशेबात साडेसात गुंठे. सव्वापाच-साडेपाच ग्रॅमांत एकर पुरा होतो.

हा झाला सौम्य आकडा. या पत्र्यांत काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेले असते, आणि दर अदलाबदलीत एक धनभार कमी पडतो. म्हणून पत्रा कायमचा ऋणभारित राहतो. एका ग्रॅममध्ये असे सुमारे सहावर वीस शून्ये इतके ऋणभार असतात, म्हणजे जवळपास ९६ कूलॉम. आकाशातून कोसळणाऱ्या साध्या विजेबरोबर १५-२० कूलॉम जमिनीत उतरतात. तेव्हा त्या चिमटीत पाच-सहा विजांचा ऐवज आहे.

आता अशी एकेक ग्रॅमची दोन ढेकळे एकमेकांपासून मीटरभर ठेवली आणि त्यांचा हा भार उघडा आहे असे क्षणभर धरले, तर कूलॉमच्या नियमाने त्यांच्यातले अपकर्षण किती? साधारण ८५० कोटी टन वजनाएवढे. कोयनेचे धरण १०५ टीएमसीला तुडुंब भरते तेव्हा त्यात सुमारे ३०० कोटी टन पाणी असते. म्हणजे जवळपास तीन कोयना, आणि तेही दोन चिमटींमध्ये!

तसे काही होत नाही, कारण प्रत्येक ऋणभाराच्या शेजारी सोडियमचा किंवा कॅल्शियमचा एखादा आयन घुटमळत असतो. पाण्यात कण सुटला की हे आयन थोडे दूर सरकतात आणि कणाभोवती ढग धरतात. या ढगाचे गणित १९१० मध्ये गुई आणि १९१३ मध्ये चॅपमन यांनी मांडले. अगदी शुद्ध पाण्यात ढगाची जाडी सुमारे एक मायक्रॉन, नदीच्या गोड्या पाण्यात दहाएक नॅनोमीटर, आणि समुद्रात अर्धा नॅनोमीटरही नाही. कोयनेला लाजवणारे ते बळ एवढ्या पापुद्र्यात जिरते. पाण्यातल्या अशा भारित कणांचा अभ्यास करणाऱ्या सिद्धान्तकारांचे सगळे आयुष्य जाते ते त्या जिरण्यातून काय शिल्लक राहते याचा हिशेब करण्यात.

हा हिशेब संगणकावर थेट का करू नये? एका मायक्रॉनची बाजू असलेल्या पाण्याच्या घनात ३,३०० कोटींहून अधिक रेणू असतात. प्रत्येक रेणूची हालचाल टिपायची, तर एका सेकंदाचे साधारण एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे पाडावे लागतात. गुणाकार येतो ३३ वर २४ शून्ये. अमेरिकेतल्या ओक रिजचा ‘फ्रंटियर’ हा महासंगणक २०२२ मध्ये सेकंदाला एकावर अठरा शून्ये गणितांच्या पलीकडे गेला. एका रेणूची एक हालचाल एका गणितात उरकते असे मानले, तरी त्याला वर्ष लागेल. वास्तवात एका हालचालीमागे हजारो गणिते असतात, म्हणजे हजारो वर्षे. एवढे करून हाती येणार मायक्रॉनभर पाण्याचा एक सेकंद.

त्यापेक्षा द्रवातून सरकणाऱ्या गोल कणाला किती विरोध होतो, याचे जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये दिलेले एका ओळीचे सूत्र बरे. त्याने रेणूंचे अस्तित्वच बाजूला ठेवले आणि पाणी सलग, चिकट द्रव मानले. त्या सूत्राने एक मायक्रॉन व्यासाचा मातीचा गोल कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली बसायला तेरा दिवस घेतो. व्यास दहापट कमी केला की काळ शंभरपट होतो, साडेतीन वर्षे. आणखी दहापट लहान कणाला साडेतीनशे वर्षे लागली असती, पण इतक्या लहान कणाला रेणूंचे धक्के नीट खाली बसूच देत नाहीत. म्हणूनच मायकेल फॅरेडेने १८५७ च्या सुमारास केलेली सोन्याच्या सूक्ष्म कणांची लालसर द्रावणे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपलेली आहेत.

अर्थात कण एकमेकांना चिकटले की आकार वाढतो आणि हा हिशेब कोलमडतो. स्मोलुखोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याचे गणित केले. मिलिलिटरमागे शंभर कोटी कण असलेल्या गढूळ पाण्यात प्रत्येक टक्कर चिकटवणारी ठरली, तर तीनेक मिनिटांत कणांची संख्या निम्मी होईल. प्रत्यक्षात असे पाणी महिनोन् महिने गढूळ राहू शकते, कारण आयनांचे ढग एकमेकांवर चढले की कण दूर ढकलले जातात. तीन मिनिटे आणि काही महिने, एवढा फरक काही नॅनोमीटर जाडीच्या ढगामुळे पडतो.

हा ढग चेपण्याचा उपाय आपल्याकडे पावसाळ्यात घरोघर होत आला आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची. तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन धनभार असतात. एक भार असलेल्या सोडियमच्या तुलनेत तीन भारांचा आयन ७२९ पट कमी लागावा, कारण भाराचा सहावा घात घ्यायचा, असे १९४० च्या दशकात डेर्यागिन-लांडाऊ आणि व्हेरवे-ओव्हरबेक या दोन जोड्यांच्या सिद्धान्तातून निघाले. निकाल देखणा आहे, पण त्यावर फार भाळू नये. कणांचा भार क्षीण असला की सहाव्या घाताऐवजी दुसऱ्या घाताजवळचा नियम लागू पडतो. शिवाय तुरटीचे बरेचसे काम ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पिंजलेले पुंजके करतात, वाटेत येईल तो गाळ कवेत घेत.

हे पुंजके बहुतांशी पाण्याचेच असतात. समुद्रात खोल उतरणारे ‘सागरी हिम’ही तसेच. मेलेल्या सूक्ष्मजीवांच्या त्या मिलिमीटरभर पुंजक्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणी असू शकते. मग अशा सच्छिद्र कणाला खाली जाताना विरोध किती व्हावा? पाणी आरपार जाईल, म्हणून नगण्य, असे वाटते. डच शास्त्रज्ञ ब्रिंकमनने १९४० च्या दशकात हे गणित सोडवले. पाणी कणाच्या आत एका ठरावीक अंतरापर्यंतच शिरते आणि ते अंतर साधारण छिद्रांच्या मापाचे असते. कणाची त्रिज्या या अंतराच्या दहापट असली, तर त्याला तेवढ्याच भरीव गोळ्याच्या ८९ टक्के विरोध होतो. शंभरपट असली तर ९९ टक्के. आत नुसते पाणी, तरी वागणूक दगडाची. वजन मात्र दगडाचे नाही, त्यामुळे तो दगडासारखा झपाट्याने बुडत नाही. सागरी हिमाचा पुंजका दिवसाला काही दहा मीटर ते शंभरेक मीटर उतरतो, आणि समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर आहे.

भार आणि छिद्रे एकाच कणात आली की मात्र अंदाज पार चुकतो. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो आणि त्यावर १,२०० कोटींहून अधिक ऋणभार असतात. पाण्यात सुटलेला लांब डीएनए सैल गुंडाळी होऊन तरंगतो, म्हणजे भारितही आणि सच्छिद्रही. नुसता रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत असेल तेव्हा तो ब्रिंकमनच्या दगडासारखा वागतो, लांबी वाढली की मंदावतो. विद्युतक्षेत्रात ठेवला की लांबीचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. साधारण ४०० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतल्या जोडघटकांचा) तुकडा आणि लाखभर जोड्यांचा तुकडा खुल्या पाण्यात जवळपास एकाच वेगाने धावतात.

हर्मन्स आणि फुजिता यांनी १९५५ मध्ये भारित सच्छिद्र गोळ्यासाठी हेच गणित मांडले होते. विद्युतक्षेत्र गुंडाळीला एका दिशेने ओढते, तर आतले धन आयन उलट दिशेने ओढले जातात आणि पाण्यालाही बरोबर नेतात. त्यामुळे पाणी गुंडाळीच्या आतूनच वाहू लागते आणि तिचा प्रत्येक भाग आपल्यापुरता भार व आपल्यापुरता विरोध सांभाळतो. लांबी दुप्पट केली की ओढ दुप्पट आणि विरोधही दुप्पट, वेग तोच. डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायचे, तर प्रयोगशाळेत त्यांना ॲगरोजच्या जाळीदार जेलमधून रांगायला लावतात ते यासाठीच.